नवसाचा कागद आधी भरा

फासे टाकत, एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवायच्या खेळासाठी (रोल-प्लेइंग गेम) देवमंडळ रचायला बसलात तर पहिल्या पानावर नवस लिहा. मागच्या कॅम्पेनला, म्हणजे बऱ्याच बैठका चालणाऱ्या गोष्टीला, बारा देव तयार होते, शस्त्रं आणि वंशावळीसकट. पुजाऱ्याचं पात्र घेतलेल्यानं पहिल्याच सेशनला, म्हणजे बैठकीला, विचारलं, "सकाळी उठून मी काय करायचं?" वहीत उत्तर नव्हतं.

देव पाच ते सात पुरेत. नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू करा, नाहीतर तिसऱ्या सेशनपर्यंत सगळे घोळ घालतात. चिन्ह, रंग, वाहन एकेका शब्दात उरका.

खाती वाटू नका. एक पावसाचा, एक लढाईचा असं केलं की ते कचेरीतले साहेब होतात. माणूस कधी एकाच देवाचा नसतो. धाराशिवकडच्या घरात कुलदैवत तुळजाभवानी असते, त्याच घरातून पंढरीची वारी होते आणि येळ अमावस्येला रानात कडब्याची कोप उभारून पाच दगडांना चुना लावून पांडव पुजतात. कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. म्हणून तुमच्या गावातल्या प्रत्येक पात्राला तीन देव द्या: घराचा, रानाचा, वेशीवरचा.

आता नवस. प्रत्येक देवाला चार रकाने: काय मागतात, काय कबूल करतात, कधीपर्यंत फेडायचं, नाही फेडलं तर काय. समजा कोरडीआई ही आडाची देवी आहे. मागणं पाण्याचं. कबुली अशी की पाणी लागलं की पहिला पोहरा तिच्या दगडावर ओतायचा, घरात एक थेंबही न नेता. मुदत पेरणीपर्यंत. चुकलं तर आडाचं पाणी मचूळ होतं. एवढ्यावर एक सेशन निघतं, कारण कुणीतरी तो पोहरा तहानलेल्या लेकराला पाजलेला असतो. चौथा रकाना सोडू नका. सगळे तोच सोडतात, आणि मग देव नुसता शोभेचा राहतो.

नाती माणसांना जोडणारी हवीत. खंडोबाची म्हाळसा वाण्यांची लेक, बाणाई धनगरांची. देवाच्या लग्नांनी दोन समाज एका जत्रेत येतात. तुमच्या देवाची सासुरवाडी कोणती, ते ठरवा.

सण दोनच, पण एक पहिल्या तीन सेशनमध्ये पडू द्या. देव दमतोही, हे विसरू नका: तुळजापूरला नवरात्राआधी देवीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. तुमची देवी निजली असताना पुजाऱ्याच्या मंत्राचं काय होतं, हा नियम आधीच लिहून ठेवा. खेळताना सुचवायला गेलात तर भांडण होतं.

खरे देव मात्र जसेच्या तसे फाशांवर आणू नका. रीत घ्या, नाव नको.

सेवेकरी: पूजा कोण करतो, नाचतो कोण, दान कुणाच्या घरी जातं. तीन ओळी. पुराणकथा एकच, पण दोन गावांत दोन तऱ्हेची. देवळाचा नकाशा शेवटी, वेळ उरला तर.

आणि नवसाचा कागद पुन्हा काढा. चौथा रकाना एकाही देवाचा रिकामा असेल तर सेशनची तारीख पुढे ढकला.