बेताच्या पैशांत ट्रायथलॉनची पहिली सायकल: घेण्याआधीची तयारी

पहिलं काम दुकानात नाही, घरच्या भिंतीपाशी आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांत वीतभर अंतर ठेवा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबा आणि त्याची वरची कड जिथे टेकते तिथे घरातल्या कुणाला तरी पेन्सिलीने खूण करायला सांगा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. त्याला 0.67 ने गुणलं की रोड बाइकच्या फ्रेमचा अंदाज येतो; 0.883 ने गुणलं की पायडलचे दांडे (क्रँक) ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. माप 76 सेंटिमीटर आलं, तर फ्रेम साधारण 51 ची आणि सीट 67 वर. हल्लीच्या बऱ्याच फ्रेमवर नुसतं एस किंवा एम लिहिलेलं असतं, तिथे कंपनीचा मापाचा तक्ता बघा.

या मापात तडजोड नको, हे मी अगदी कळकळीने सांगतो. हात आखडता असला की ‘54 ची स्वस्तात मिळतेय, सीट खाली घेऊ’ असं मनात येतंच. सीट खाली जाते, पण हँडल तितकंच लांब राहतं. तासाभरात मान आणि खांदे भरून येतात, आणि तुम्हाला तर सायकलवरून उतरून लगेच धावायचं आहे. गिअर, चाकं, सीट हे सगळं पुढे पैसे साठवून बदलता येतं. चुकीच्या मापाची फ्रेम विकावीच लागते.

मग पैसे बाजूला काढा. 40 हजार ठरवले असतील तर सायकलीला 32 च धरा. उरलेल्यात हेल्मेट, मीटर असलेला पंप, दोन जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पुढचा-मागचा दिवा, कुलूप आणि बाटली बसली पाहिजे. हेल्मेट सोडून चालणार नाही. शर्यतीत ते सक्तीचं असतं. ट्रायसूट (पोहणं, सायकल, धावणं तिन्हींना चालणारा एकच पोशाख) आणि पायडलला अडकणारे क्लिपवाले बूट मात्र पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. साध्या पायडलवर धावायचेच बूट घालून सायकल चालवली की दुसऱ्या बदलात, म्हणजे सायकलवरून धावण्याकडे जाताना, बूट बदलायचेच नाहीत. पैसे वाचतात, वेळही थोडा वाचतो.

टाइम ट्रायल सायकलचा, म्हणजे कोपर टेकवायला हँडलवर लांब दांड्या असलेल्या सायकलचा, मोहही तूर्त बाजूला ठेवा. हौशी गटांच्या बहुतेक शर्यतींत दुसऱ्याच्या मागे वारा चुकवत चालवायला मनाई असते, त्यामुळे ओणवं होऊन चालवण्याचा फायदा खरा आहे. पण लांब दांड्यांवर कोपर टेकवले की हात ब्रेकपासून दूर जातात. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर समोर अचानक रिक्षा थांबली तर ते अंतर महागात पडतं. वाकड्या हँडलचा खालचा भाग धरून चालवायची सवय केली तरी पहिल्या वर्षाला पुरे.

नवी घेणार असाल तर दुकानात एक प्रश्न नक्की विचारा: मागे कॅसेट (हबवर सरकवून बसवलेली गिअरची चक्रं) आहे की फ्रीव्हील (चक्रं आणि खटका एकत्र, हबवर आट्यांनी पिळून बसवलेलं)? अगदी स्वस्त 7 गिअरच्या सायकलींना बहुधा फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग चाकाच्या कडेपासून बरंच आत राहतं, म्हणून वजनदार माणसाखाली, खड्ड्यांत, मागचा अ‍ॅक्सल वाकतो किंवा तुटतो. नंतर जास्त गिअर बसवायचे म्हटलं तरी वाट जवळपास बंद. शिमानोचं 8 गिअरचं क्लॅरिस बजेटात बसत असेल तर तिथे थांबा. 9 गिअरचं सोरा चांगलं आहे, पण त्यासाठी हेल्मेटचे पैसे मोडू नका. पुढे 50 आणि 34 दात, मागे सर्वांत मोठं चक्र 30-32 दातांचं असलं की ठाण्यातल्या उपवनकडून येऊरचा चढ नवख्यालाही बसून चढता येतो.

जुनी घ्यायला मला तरी आवडतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेल्या आणि मग बाल्कनीच्या ग्रिलला टेकलेल्या सायकली आपल्याकडे अजून विकायला निघतात. ‘काका, फारशी चालवलीच नाही’ हे खरंही असतं, पण खाडीकाठच्या हवेत न चालवलेली सायकलही खराब होते. म्हणून बरोबर ॲलन की आणि 12 इंची स्टीलची पट्टी न्या. आधी सीटपोस्टचा (सीटखालच्या नळीचा) बोल्ट सैल करून सीट वर-खाली होते का बघा. दमट हवेत आणि घामाने ती नळी फ्रेमच्या आत जाम होते. जाम असेल तर निघून या, कारण आपल्या उंचीला सीट लावताच येणार नाही.

मग चेन. एका पिनेच्या बरोबर मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा. चेन चांगली असेल तर 12 इंचांच्या रेघेवर दुसऱ्या पिनेचा मध्य अचूक येतो. पिन रेघेच्या 1/16 इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलायला झाली. 1/8 इंच सरकली असेल तर झिजलेल्या चेनने कॅसेटचे दातही खाल्लेले असतात, आणि दोन्हींचा खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. ब्रेक रबरचे असतील तर रिमच्या घासल्या जाणाऱ्या पट्टीवरून नखाने आडवा हात फिरवा. ती मध्ये खोलगट लागली तर रिम संपत आली आहे. चाक उचलून फिरवा, आउट (चाकाचा वाकडेपणा) किती आहे ते ब्रेकच्या रबराशेजारी लगेच दिसतं. थोडा आउट तारा कसून निघतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलखाली टकटक जाणवली तर हेडसेट (हँडल वळतं तिथलं बेअरिंग) सैल आहे किंवा गेलेला आहे. क्रँक धरून आडवी हलवा, तिथेही डुगडुग नको. कार्बनची जुनी फ्रेम या बजेटात घेऊ नका, आतली चीर नवख्याच्या डोळ्यांना दिसत नाही.

चालवून बघायला गल्ली पुरत नाही. नवी मुंबईत असाल तर रविवारी पहाटे पाम बीच रोड: वाशी ते बेलापूर जाऊन-येऊन साधारण 20 किलोमीटर, म्हणजे स्प्रिंटचंच अंतर. ठाण्यात मानपाड्याच्या पुलावर चढताना सगळे गिअर बदलून पाहा. विकणारा इतकं चालवू देत नसेल तर निदान त्याच्या सोसायटीच्या रॅम्पवर चढवा.

टायर 25 ऐवजी 28 मिलिमीटर रुंदीचे बसत असतील तर तेच घ्या. 70 किलोच्या माणसाला 75-80 पीएसआय हवा पुरते आणि आपल्या रस्त्यांचे दणके कमी लागतात. रोड बाइकच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक असतो, नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा नळ त्याला बसत नाही. छोटा पितळी अडॅप्टर सीटखालच्या पिशवीत कायम ठेवा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत ना, पाहा. उघडी नळी असलेली सायकल तपासणीत अडवतात. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरच्या सायकलीला हात लावायचा नाही, हा क्रम घरीच घटवा.

पैसे देताना फ्रेमचा नंबर, बहुधा क्रँकच्या खाली कोरलेला असतो, बिलावर लिहून घ्या. जुनी असेल तर मूळ बिलाशी जुळवून बघा. नवीन सायकलच्या केबल पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतात आणि गिअर खरखरतात, तेव्हा पहिली सर्व्हिसिंग फुकट आहे का, हेही त्याच बिलावर लिहून घ्या.