‘नाही साहेब’ म्हणायला शिकताना : सिग्नल्समधली २८ वर्षं

१९९४ च्या जूनमध्ये पत्र्याची ट्रंक घेऊन मी गोव्यात टू सिग्नल ट्रेनिंग सेंटरच्या गेटवर उतरलो. तोवर कॉम्प्युटर मी फक्त कराडमधल्या एका बँकेच्या काचेतून पाहिला होता. २०२२ साली सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो, तेव्हा माझ्या हाताखालची पोरं नेटवर्कचे लॉग, म्हणजे कोण कधी जोडलं गेलं याच्या नोंदी, वाचत होती. आता आमच्या भागातल्या अकॅडमीत भरतीची तयारी करणारी मुलं आणि इंजिनिअरिंगला असलेली काही मुलं-मुली मला विचारतात, “काका, आर्मीत सायबरला जायचंय, काय करू?” एकेकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो.

पहिली गोष्ट, भरतीच्या फॉर्मवर ‘सायबर’ असा रकाना नसतो. हे काम मुख्यतः कोअर ऑफ सिग्नल्स, म्हणजे सैन्याची संपर्क यंत्रणा सांभाळणारी शाखा, करते. ही कोअर १५ फेब्रुवारी १९११ ला उभी राहिली आणि तिचं ब्रीद आहे ‘तीव्र चौकस’. ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी आम्हाला कामाची व्याख्या सांगितली होती : निरोप योग्य माणसाला पोहोचला पाहिजे, वेळेत पोहोचला पाहिजे, आणि दुसऱ्या कुणालाही पोहोचता कामा नये. सायबर सुरक्षा म्हणजे यातलं तिसरं वाक्य. तेव्हा मोर्सच्या डिट-डा होत्या, आज नेटवर्कवरून जाणारी डेटाची पॅकेट आहेत, पण वाक्य तेच आहे.

जवान म्हणून जायचं तर आता अग्निवीरची वाट. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान. टेक्निकल ट्रेडसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि इंग्रजी हवं, किंवा दहावीनंतर ठरावीक आयटीआय वा डिप्लोमा. नोकरी चार वर्षांची आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात, हे घरी सांगूनच फॉर्म भरा. सिग्नल्स मिळाली तर ट्रेनिंग जबलपूरला किंवा गोव्याला. ऑफिसर व्हायचं तर एनडीए (नॅशनल डिफेन्स अकॅडमी), बारावीनंतरची टेक्निकल एंट्री स्कीम, किंवा इंजिनिअरिंग करून शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल. मुलींना एनडीएचं दार २०२२ पासून उघडलंय. छत्रपती संभाजीनगरची एसपीआय, म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, १९७७ पासून मुलांना तयार करते आणि आता नाशिकला मुलींसाठीही तशी संस्था झाली आहे. जवान म्हणून लागून पुढे आर्मी कॅडेट कॉलेजमार्गे ऑफिसर झालेली पोरं मी स्वतः पाहिली आहेत. कुठली कोअर मिळेल ते मात्र आपल्या हातात नसतं. इन्फंट्री मिळाली म्हणून तोंड पाडून बसू नका, प्रत्येक पलटणीत सिग्नल प्लाटून असते आणि तिथेही हेच काम आहे.

सिग्नल्सच्या ऑफिसरांचं माहेर म्हणजे मध्य प्रदेशातलं महू. तिथल्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये जवानांचेही कोर्स होतात. मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती आणि शेजारी बसलेला पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा होता. रात्री जेवणानंतर तो मला सबनेटिंग, म्हणजे मोठं नेटवर्क छोट्या भागांत वाटणं, शिकवायचा आणि मी त्याला कोर्सनंतर युनिटमध्ये ते कसं वापरायचं हे सांगायचो. त्या सहा आठवड्यांत मी जितका शिकलो तितका आधीच्या सहा वर्षांत शिकलो नव्हतो.

पण या कामाचा खरा गाभा मला वर्गात कळला नाही. तो एका रात्री कळला. युनिटचं आणि जागेचं नाव लिहीत नाही, ती सवय सुटत नाही आणि सुटूही नये.

रात्री अकराच्या सुमारास सिग्नल सेंटरमधला एक पोरगा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. नोकरी जेमतेम तीन वर्षांची. कपाळावर थंडीतही घाम. म्हणाला, “साब, गलती हो गया.” मोबाइलची बॅटरी संपली होती, घरी बायकोचे दिवस भरलेले, म्हणून त्याने कामाच्या कॉम्प्युटरला केबल लावून मोबाइल चार्जिंगला लावला होता. दहा मिनिटांनी त्याच्याच लक्षात आलं. ज्यांनी फौज पाहिली नाही त्यांना यात काय मोठं असं वाटेल. तो कॉम्प्युटर इंटरनेटपासून मुद्दाम तोडलेला होता आणि मोबाइलच्या रूपानं त्याला बाहेरचं जग जोडलं गेलं होतं.

मी त्याच्याबरोबर गेलो. नेटवर्कची वायर काढली. मशीन बंद केलं नाही, कारण बंद केलं की मेमरीतला पुरावा जातो. मोबाइल बाजूला ठेवला, त्यातलं काहीही पुसू दिलं नाही. वहीत वेळ लिहिली : कधी लावला, कधी काढला, कोणी पाहिलं. मग ऑफिसरसाहेबांना उठवलं. पहाटेपर्यंत तपासणी झाली, काही निघालं नाही. पोराला नियमाप्रमाणे शिक्षा झाली. पण पुढच्या सैनिक संमेलनात सीओसाहेबांनी, म्हणजे युनिटच्या प्रमुखांनी, सगळ्यांसमोर सांगितलं, “चूक केली त्याची सजा त्याला मिळाली. दहा मिनिटांत येऊन सांगितलं त्याबद्दल मी त्याचे आभार मानतो.”

ते आभार इतके का महत्त्वाचे, तर त्याआधी काही वर्षं, दुसऱ्या ठिकाणी, मी उलट पाहिलं होतं. तिथे एकाने सापडलेला पेन ड्राइव्ह मशीनला लावला आणि साहेबांच्या भीतीने अकरा दिवस गप्प राहिला. अकरा दिवसांत एक मशीन काय काय पसरवू शकतं याचा हिशेब लावताना आम्हा सगळ्यांची झोप उडाली. तिथले साहेब वाईट नव्हते, कडक होते. त्यांच्यासमोर वाईट बातमी घेऊन जायची कुणाची छाती नव्हती, इतकंच.

पेन ड्राइव्हचं हे दुखणं सगळ्या जगाचं आहे. २००८ साली मध्यपूर्वेतल्या एका तळावर अमेरिकी सैन्याच्या लॅपटॉपला कुणीतरी असाच एक ड्राइव्ह लावला आणि त्यातला प्रोग्राम त्यांच्या गुप्त नेटवर्कपर्यंत पसरला. साफसफाईला जवळपास १४ महिने लागले. त्या धक्क्यानंतर २०१० मध्ये त्यांनी स्वतंत्र सायबर कमांड उभी केली. इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातली यंत्रं बिघडवणारा स्टक्सनेट हा प्रोग्रामही त्याच वर्षी उघडकीला आला, आणि तिथेही यंत्रं इंटरनेटला जोडलेली नव्हती. ‘आपलं नेटवर्क तोडलेलं आहे, आपल्याला काय होणार’ असं म्हणणारा माणूस भेटला की मला काळजी वाटते.

आता दुसरा प्रसंग. आमच्या टेलिफोन एक्सचेंजवर संध्याकाळी फोन आला. “ब्रिगेड हेडक्वार्टर से मेजर बोल रहा हूँ. कल तुम्हारे यहाँ से कितनी गाड़ियाँ निकल रही हैं? जल्दी बताओ.” आवाजात जरब, बोलण्याची फौजी ढब अगदी बरोबर. ड्युटीवर मराठवाड्यातला एक पोरगा होता. तो म्हणाला, “साब, आप फोन रखिए, मैं ब्रिगेड एक्सचेंज से आपको वापस लगाता हूँ.” पलीकडून शिवी आली, मग तक्रारीची धमकी. पोराने तेच वाक्य शांतपणे पुन्हा म्हटलं. फोन कट. ब्रिगेडला विचारलं तर त्या नावाचे कोणी साहेब तिथे नव्हतेच.

शत्रूकडून असे फोन येतात हे फौजेत सगळ्यांना माहीत असतं. तरीही ‘नाही’ म्हणणं फार अवघड जातं. पहिल्या दिवसापासून आपल्याला ‘जी साहब’ शिकवलेलं असतं, आणि ते शिकवलंच पाहिजे, गोळी चालू असताना वाद घालत बसता येत नाही. पण फोन करणाऱ्याला आपली हीच सवय हवी असते. म्हणून एक्सचेंजवरच्या, सिग्नल सेंटरमधल्या पोराला ‘नाही साहेब, आधी खात्री करतो’ म्हणण्याची मुभा वरिष्ठांनी उघडपणे द्यावी लागते आणि ती पाळावी लागते. पाळण्याची वेळ आमच्यावर आठवड्याभरातच आली. त्याच पोराने एका खऱ्याखुऱ्या ऑफिसरला तसंच थांबवलं. साहेब चांगलेच चिडले. आमच्या सीओंनी स्वतः त्यांना फोन करून सांगितलं की पोराने माझाच हुकूम पाळलाय. ही गोष्ट लंगरपर्यंत, म्हणजे जवानांच्या जेवणघरापर्यंत, पोहोचायला अर्धा तास लागला नसेल. तुमच्यापैकी जे ऑफिसर होतील त्यांनी हे मनाशी धरा : जवान तुमच्या भाषणापेक्षा, अशा वेळी तुम्ही कुणाच्या बाजूने उभे राहता ते बघतो.

जुलै २०२० मध्ये सैन्याने ८९ अ‍ॅप मोबाइलमधून काढायला सांगितली, फेसबुक आणि इन्स्टाग्रामसकट. मुदत १५ जुलै. हुकूम रोल कॉलला वाचायला दोन मिनिटं लागली. पण आम्ही जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार) लोक त्या रात्रीपासून दहा-दहा जणांना घेऊन बसलो. एकाने विचारलं, “साब, माझं मी काढतो, पण बायकोचं?” प्रश्न रास्त होता. कारण गळती तिथूनच होते. नवरा काही लिहीत नाही, पण घरून फोटो पडतो, ‘हे आज अमुक स्टेशनवरून निघाले’, खाली वर्दीतला फोटो, खांद्यावर पलटणीची निशाणी. मग अनोळखी मुलीची फ्रेंड रिक्वेस्ट येते, महिनाभर गोड गप्पा होतात आणि एक दिवस ती विचारते, तुझी बदली कुठे झाली. आम्ही हे नीट उलगडून सांगितलं, घरच्यांशी बोलायला प्रत्येकाला वेळ दिला, आणि मुदतीआधी सगळ्यांचे फोन साफ झाले.

नवं तंत्रज्ञान आणतानाही असंच बसावं लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये सैन्यात ‘असिग्मा’ हे नवं मेसेजिंग सुरू झालं, कोअरच्याच ऑफिसरांनी बनवलेलं, जुन्या ‘अवान’च्या जागी. माझी निवृत्ती तोंडावर आली होती. जुन्या यंत्रणेवर पंधरा वर्षं हात बसलेले हवालदार गप्प गप्प झाले होते. त्यांना शिकायचं नव्हतं असं नाही. कालच्या पोरापुढे अडखळायची त्यांना लाज वाटत होती. आणि ज्याला लाज वाटते तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवतो. आम्ही जोड्या लावल्या, एक जुना, एक नवा. नव्याने जुन्याला सिस्टिम शिकवायची, जुन्याने नव्याला मेसेज लिहायला शिकवायचं. मोजक्या शब्दांत, संशयाला जागा न ठेवता निरोप लिहिणं ही कला आहे आणि ती पोरांना येत नाही. महिन्यातून एकदा काही तास नेटवर्क मुद्दाम बंद धरून रेडिओ, फील्ड केबल आणि मोटरसायकलवरून निरोप नेणाऱ्या डिस्पॅच रायडरवर काम चालवायचो. नव्या यंत्रावर भरवसा ठेवायचा तर ते पडल्यावर काय करायचं हे हाताला माहीत असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

तयारीचं विचाराल तर महागडे सर्टिफिकेट कोर्स आधी करू नका. जुना लॅपटॉप घ्या, त्यावर लिनक्स टाका. टीसीपी-आयपी, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते नियम, मुळापासून शिका. वायरशार्क हा प्रोग्राम लावून स्वतःच्याच घरच्या नेटवर्कमधली पॅकेट बघा, आपण एक साधं पान उघडलं तर कुठे कुठे विचारणा जाते ते वहीत लिहा. थोडं पायथनमधलं प्रोग्रामिंग. लॉग वाचायचा कंटाळा येत असेल तर हे काम तुमचं नाही, कारण यातले नव्वद टक्के तास लॉग वाचण्यातच जातात. आणि दुसऱ्याच्या सिस्टिमवर, अगदी कॉलेजच्या वेबसाइटवरही, परवानगीशिवाय हात मारू नका. आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. केस झाली की भरतीच्या वेळच्या पोलीस पडताळणीत ते येतंच. हुशार मुलांची वाट अशी बंद झालेली पाहून जीव तुटतो.

फौजेतच पुढे जायचं तर जागा वाढत आहेत. तिन्ही दलांची मिळून डिफेन्स सायबर एजन्सी २०१९ मध्ये सुरू झाली. मी घरी आलो त्याच्या पुढच्याच वर्षी सैन्याने प्रत्येक कमांडसाठी वेगळ्या सायबर विंग उभारायचं ठरवलं. नागरी बाजूने यायचं तर पुण्यात गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञानाच्या संस्थेत सायबर सिक्युरिटीचं एमटेक आहे, सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचेही कोर्स आहेत. चार वर्षांनी परत येणाऱ्या अग्निवीराला बँकांच्या, कंपन्यांच्या सुरक्षा केंद्रात काम मिळू शकतं, पण त्यासाठी नोकरीतल्या मोकळ्या संध्याकाळी अभ्यासाला द्याव्या लागतील.

एक शेवटचं काम ट्रेनिंगला निघण्याआधी घरी करायचं आहे. सगळ्यांना बसवून सांगा की फोनवर काय विचारायचं नाही, स्टेटसला काय टाकायचं नाही. आजीला, वहिनीला, शाळेत जाणाऱ्या पुतण्यालाही. माझ्या आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिचा बाप आणि दोन भाऊ फौजेत होते. मी कुठून बोलतोय हे तिने २८ वर्षांत एकदाही विचारलं नाही. गावातल्या एसटीडी बूथवर तासभर थांबून फोन घ्यायची आणि विचारायची, “जेवलास का?” मी हो म्हटलं की म्हणायची, “मग ठेव आता, दुसऱ्यांलाबी बोलायचं असंल.”