डोक्याला मार लागलेला रुग्ण आणि दुसरी इजा : नव्या निवासी डॉक्टरांसाठी

कोल्हापुरात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की अपघात विभागातील रात्रपाळीचे स्वरूपच बदलते. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर अंधारात मोटारसायकल आदळते आणि हेल्मेट न घातलेला पंचविशीतला तरुण स्ट्रेचरवरून आपल्यापुढे येतो. महामार्गावर शिरोलीपासून कागलपर्यंतचे, गगनबावड्याच्या वाटेवरचे, शिवाय सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडीकडचे रुग्ण याच शहरात आणले जातात. इंटर्नशिप आणि पुढे अतिदक्षता विभागातील नोकरी अशी काही वर्षे मी येथे काढली. या कामात नव्याने येणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे की, धडकेच्या क्षणी मेंदूला झालेली इजा कोणालाही परत फिरवता येत नाही. परंतु पुढच्या काही तासांत आणि दिवसांत रक्तदाब घसरल्यामुळे, प्राणवायू कमी पडल्यामुळे किंवा कवटीतला दाब वाढल्यामुळे जी दुसरी इजा होते, ती बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

या दुसऱ्या इजेची पहिली चाहूल स्कॅनमध्ये लागण्याआधी जीसीएसमध्ये (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे रुग्णाची शुद्ध मोजण्याची पट्टी) लागते. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली मांडलेली ही मोजपट्टी ३ ते १५ गुणांची आहे : डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा, आणि अशा रुग्णाची श्वासनलिका सहसा नळी घालून सुरक्षित करावी लागते, हे सर्वांना पाठ असते. मात्र केसपेपरवर नुसते ‘जीसीएस ११’ लिहून ठेवले, तर पहाटे ड्यूटी बदलल्यावर येणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. तिन्ही घटक वेगळे लिहावेत, शेजारी डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांचा आकार आणि प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद लिहावा, आणि वेळ घड्याळात पाहून टाकावी. सुजून मिटलेले डोळे किंवा श्वासनलिकेतील नळी यांमुळे एखादा घटक तपासता आला नसेल, तर तेथे १ गुण न देता कारण नोंदवावे. (येथली एक खास अडचण म्हणजे भाषा. सीमाभागातला रुग्ण कन्नडमध्ये व्यवस्थित उत्तर देत असतो आणि आपण ‘असंबद्ध बोलतो’ असे लिहून त्याचे गुण कापतो. वॉर्डातल्या मामांपैकी किंवा मावशींपैकी कोणाला तरी कन्नड येतेच. त्यांना हाक मारावी.)

माझी चूक सांगतो. एका रात्री तिशीचा एक माणूस आला. तोंडाला दारूचा वास, जीसीएस १४, कानाच्या वर लहानशी जखम. मी ‘मद्याच्या अमलाखाली’ असे लिहिले, जखमेला टाके घातले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. दोन तासांनी त्याचा भाऊ म्हणाला, “डॉक्टर, आता गाढ झोपलाय, घोरायलाय बघा.” ते घोरणे झोपेचे नव्हते. उजवी बाहुली मोठी झाली होती, नाडी मंदावली होती आणि रक्तदाब चढला होता. कानशिलाच्या हाडाखालची धमनी फाटून मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साठत गेले होते; मधले शुद्धीचे दोन तास मी दारूच्या नावावर घालवले. शस्त्रक्रिया वेळेत झाली म्हणून तो वाचला. तेव्हापासून मी दारू हे कारण सर्वांत शेवटी धरतो, आणि ‘झोपलाय’ हा शब्द नातेवाइकांकडून ऐकला की आधी रुग्णाला जागे करून पाहतो.

उपचारांमध्ये चमत्कारिक असे थोडेच आहे. मानेच्या शिरा दाबल्या जाणार नाहीत अशी कॉलर लावून डोके तीस अंश वर आणि सरळ ठेवावे, म्हणजे मानेतल्या शिरांतून रक्ताचा निचरा नीट होतो. प्रौढ रुग्णाचा वरचा रक्तदाब किमान ११० राखावा; ५० ते ६९ या वयोगटात १०० चालतो. येथे नवखे डॉक्टर हमखास फसतात : प्रौढ माणसाचा रक्तदाब घसरला असेल, तर त्याचे खापर डोक्यावर फोडू नये, पोट, छाती, ओटीपोटाचे हाड आणि टाळूच्या जखमेतून गेलेले रक्त आधी शोधावे. सलाईन नॉर्मल द्यावे, डेक्स्ट्रोजचे नको, कारण त्यातले मोकळे पाणी सूज वाढवते. कवटीतला दाब वाढल्याची चिन्हे दिसली तर तो उतरवणारे मॅनिटॉल किंवा तीव्र (जास्त मिठाचे) सलाईन. परंतु मॅनिटॉलने लघवी वाढून रक्तदाब पडतो, म्हणून आधीच रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला ते देऊ नये. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाचा निर्णय मार लागल्यापासून तीन तासांच्या आत घ्यायचा असतो. २०१९ च्या मोठ्या चाचणीत त्याचा लाभ मुख्यतः सौम्य आणि मध्यम इजेत दिसला. ‘सूज उतरावी म्हणून’ स्टेरॉइड देण्याची सवय मात्र सोडून द्यावी. दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील २००४ च्या चाचणीत स्टेरॉइड मिळालेल्यांमध्ये मृत्यू वाढले होते, तरीही बाहेरून ते इंजेक्शन घेऊन आलेले रुग्ण मी आजही पाहतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचे निश्चिंत होऊ लागतात, आणि नेमकी तेव्हाच गुंतागुंत डोके वर काढते. माझ्या मते त्यातली सर्वांत फसवी म्हणजे रक्तातल्या सोडियमची. सोडियम कमी झाले की रुग्ण सुस्तावतो, आणि आपण पुन्हा स्कॅनकडे धावतो. शरीर पाणी धरून ठेवत असेल तर पाणी कमी करायचे असते; मूत्रपिंडातून मीठ वाहून जात असेल तर मीठ आणि पाणी दोन्ही भरून द्यायचे असते. म्हणजे रक्ताचा अहवाल एकच आणि उपचार मात्र उलटे. जीभ कोरडी आहे का, लघवी किती झाली, वजन घटले का, हे त्या अहवालाशेजारी ठेवूनच ठरवावे, आणि दुरुस्ती चोवीस तासांत लिटरमागे ८ ते १० मिलिमोलपलीकडे नेऊ नये. उलट लघवी ताशी अडीच-तीनशे मिलिलिटर पाण्यासारखी होऊ लागली आणि सोडियम चढू लागले, तर पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली, लघवीतले पाणी आवरणारे संप्रेरक सोडणारी ग्रंथी) दुखावल्याची शंका घ्यावी. सिस्टरांचा लघवीचा तक्ता रोज स्वतः वाचावा. त्या तो उगाच लिहीत नाहीत.

न्यूमोनिया, पायातील गुठळ्या, पाठीवरचे व्रण हे तर अंथरुणाला खिळलेल्या कोणालाही होतात. नाकातून पातळ पाणी येत असेल तर कवटीचा तळ फुटला असू शकतो, म्हणून नाकातून नळी घालू नये; ती तोंडातून घालावी.

शेवटी फिट्सच्या गोळीबद्दल. गंभीर इजेत पहिले सात दिवस फिट येऊ नये म्हणून औषध देतात. त्यापुढे, फिट आलीच नसेल तर, ते चालू ठेवल्याने उशिरा येणाऱ्या फिट्स टळत नाहीत. परंतु डिस्चार्ज कार्डावर बंद करण्याची तारीख लिहायला सगळे विसरतात. पाच महिन्यांनी एक शेतकरी गृहस्थ हिरड्या सुजल्या म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले आणि तेथून माझ्याकडे आले. खिशातून फेनिटॉइनची, म्हणजे फिट्सच्या त्याच गोळीची (तिने हिरड्या सुजतात), पट्टी काढून म्हणाले, “तुम्हीच दिली होती, बंद करा म्हणून कुणी सांगितलं न्हाई.” कार्डावर सही माझीच होती.