सहा सिलिंडर की आठ? लक्झरी सेडानचा पिकअप तोलताना या चुका टाळा

आठ सिलिंडरची गाडी सहावालीपेक्षा किती वेगवान, याचं उत्तर बहुतेक जण ० ते १०० च्या (जागेवरून ताशी १०० किमी वेग गाठायला लागणाऱ्या सेकंदांच्या) एका आकड्यात शोधतात. खरं तर त्या आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: गाडी जागेवरून किती जोरात सुटते, आणि सुटल्यावर इंजिन तिला किती ओढतं. पहिली गोष्ट बरीचशी टायर, ड्राइव्ह (ताकद कोणत्या चाकांना जाते) आणि गिअरबॉक्सवर अवलंबून असते. दुसरी इंजिनाची. या दोन्ही वेगळ्या मोजल्या नाहीत, तर ताकदीचं श्रेय टायरला जातं आणि टायरचा दोष इंजिनावर येतो.

बिल्ला बघून सिलिंडर ठरवणं

मर्सिडीजच्या एस-क्लासची डब्ल्यू २२२ पिढी घ्या. २०१३ सालच्या एस ५०० मध्ये ४.७ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) होतं: ४५५ पीएस (ताकदीचं एकक, हॉर्सपॉवरसारखं), ७०० एनएम (इंजिनाच्या पिळाचं, म्हणजे टॉर्कचं एकक). २०१७ च्या फेसलिफ्टनंतर (मधल्या सुधारणेनंतर) त्याच नावाखाली ३ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन आलं आणि व्ही-८ एस ५६० कडे गेलं. जुनी गाडी बघताना बिल्ल्यावर विसंबू नका. आरसीवरची क्युबिक कपॅसिटी (सीसी) वाचा: २,९९८ च्या आसपास असेल तर सहा सिलिंडर, ३,९०० च्या वर असेल तर बहुधा आठ.

तुलनेसाठी चुकीची जोडी घेणं

सिलिंडरचा फरक पाहायचा असेल, तर बाकीचं शक्य तितकं सारखं हवं. २०१७ ची बीएमडब्ल्यू ५४०आय एक्सड्राइव्ह आणि त्याच वर्षीची एम५५०आय एक्सड्राइव्ह ही जोडी त्यासाठी उत्तम. बॉडी तीच, गिअरबॉक्स दोन्हीत आठ गिअरचा, चारही चाकांना ताकद. सहावालीचे ३४० पीएस, ४५० एनएम आणि कंपनीचा आकडा ४.८ सेकंद. आठवालीचे ४६२ पीएस, ६५० एनएम आणि ४.० सेकंद. म्हणजे ताकद ३६ टक्क्यांनी वाढली, वेळ मात्र १७ टक्क्यांनीच घटला. आठवालीचं वजन सुमारे दीडशे किलो जास्त, आणि सुटताना दोघींनाही टायरच्या पकडीची मर्यादा तीच.

वजनाचे आकडे लावतानाही जपा. जर्मन डीआयएन मानकाच्या वजनात चालक धरत नाहीत, युरोपियन युनियनच्या वजनात ७५ किलोचा चालक-सामान धरतात. एका गाडीचं एक आणि दुसरीचं दुसरं घेतलं, तर हिशेब तिथेच फसतो.

पकड विसरणं

सर्वांत मोठी चूक हीच. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. ४ सेकंदांत तिथे पोहोचायचं, तर सरासरी प्रवेग ०.७ जी हवा (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग). फक्त मागच्या चाकांना ताकद असलेल्या सेडानचं निम्मं वजन मागे असतं. सुटताना आणखी थोडं मागे सरकतं. टायरचा घर्षणांक (रस्त्याला धरण्याचं प्रमाण) १ धरला, तर अशा गाडीला साधारण ०.६ जी मिळतो, म्हणजे साडेचार सेकंदांच्या आसपास. त्यापुढे बॉनेटखाली कितीही सिलिंडर असोत, चाक नुसतं फिरतं.

बीएमडब्ल्यू एम५ मध्ये हे स्वच्छ दिसतं. २०११ ची एम५: व्ही-८, ५६० पीएस, मागच्या चाकांना ताकद, ४.४ सेकंद. २०१७ ची एम५: व्ही-८, ६०० पीएस, चारही चाकांना ताकद, ३.४ सेकंद. ताकद जेमतेम ७ टक्क्यांनी वाढली आणि एक अख्खा सेकंद कमी झाला. मग २०२४ ची हायब्रिड एम५ आली, ७२७ पीएस आणि १,००० एनएमची. तिचा आकडा ३.५ सेकंद, कारण वजन २.४ टनांवर गेलं.

म्हणून मागच्या चाकांची आठ सिलिंडरवाली आणि चारही चाकांची सहावाली यांची जागेवरून शर्यत लावून सिलिंडरबद्दल निष्कर्ष काढू नका. त्या दोघींची तुलना ताशी ८० ते १२० किमी या वेगादरम्यान करा. तिथे पकडीचा प्रश्न जवळपास संपतो.

० ते ६० मैल आणि ० ते १०० किमी एकच समजणं

६० मैल म्हणजे ९६.६ किमी. ताशी शेवटचा साडेतीन किमी वेग वाढवायला अशा गाडीला ०.२ सेकंद लागतात. शिवाय अनेक अमेरिकी चाचण्यांत पहिला एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर, घड्याळात धरतच नाहीत. त्यात आणखी ०.२ ते ०.३ सेकंद वाचतात. अमेरिकी आकडा एका गाडीचा आणि युरोपीय दुसरीचा घेतला, तर अर्ध्या सेकंदाचा फरक कागदावरच तयार होतो. वरच्या ५४०आय-एम५५०आय जोडीतला खरा फरक ०.८ सेकंद आहे, हे लक्षात घ्या.

स्पीडोमीटर आणि मोबाइलवर मोजणं

स्पीडोमीटरला खरा वेग कमी दाखवायची परवानगी नाही, जास्त दाखवायची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी इतकी सूट असते. काटा १०० वर असताना खरा वेग अगदी टोकाला ८७ किमीही असू शकतो. काट्याचा व्हिडिओ काढून काढलेली वेळ म्हणूनच बाद समजा. मोबाइलचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच नोंद करतो, चार सेकंदांच्या धावेत जेमतेम चार-पाच नोंदी. सेकंदाला किमान १० नोंदी करणारं वेगळं जीपीएस यंत्र वापरा, ते छतावर किंवा काचेजवळ उघड्या आकाशाखाली ठेवा.

रस्ता सपाट दिसला तरी उतार असतोच. ४.५ सेकंदांच्या धावेला साधारण ७० मीटर लागतात. तेवढ्यात ७० सेंटिमीटर उतार म्हणजे १ टक्का, आणि त्याने वेळ ०.०७ सेकंदांनी बदलते. दोन्ही दिशांना धावा करून सरासरी काढा.

आणि हे सार्वजनिक रस्त्यावर करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार तिथे वेगाची चाचणी किंवा शर्यत हा गुन्हा आहे, आणि एक्स्प्रेसवेवर ती दुसऱ्याच्या जिवाशी खेळ ठरते. परवानगी असलेली धावपट्टी किंवा ट्रॅकच हवा.

लाँच कंट्रोलची घाई

लाँच कंट्रोल म्हणजे जागेवरून जास्तीत जास्त जोरात सुटायला मदत करणारी सोय. बीएमडब्ल्यूत क्रम असा: गाडी किमान १० किमी सलग चालवून इंजिन-गिअरबॉक्स गरम करा. स्टिअरिंग सरळ. स्पोर्ट मोड आणि डीटीसी (चाक नुसतं फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल थोडं सैल करणारी सेटिंग) लावा. डाव्या पायाने ब्रेक घट्ट दाबा, मग रेस पूर्ण दाबा. झेंड्याचं चिन्ह दिसलं की तीन सेकंदांच्या आत ब्रेक सोडा. पुन्हा करण्याआधी गिअरबॉक्स निवायला सुमारे पाच मिनिटं द्या. थंड गाडीत चिन्ह येत नाही, तेव्हा गाडीत बिघाड आहे असं समजून लोक उगाच गॅरेज गाठतात.

हवा आणि पेट्रोल

समुद्रसपाटीच्या तुलनेत पुण्यात (५६० मीटर) हवा सुमारे ५ टक्के विरळ, महाबळेश्वरला (१,३५० मीटर) १२ टक्के. जुन्या टर्बोविना (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राविना) व्ही-८ ची ताकद जवळपास तेवढीच घटते. टर्बोवाली सहा सिलिंडर बरीच भरपाई करून घेते. त्यामुळे जुन्या ५४०आय (तेव्हा ती व्ही-८ होती) आणि नव्या टर्बो सहाची तुलना घाटमाथ्यावर केली, तर आठवालीवर अन्याय होतो. १५ अंशांवरून ४० अंशांवर गेलं की हवा आणखी ८ टक्के विरळ होते. कंपनीचे आकडे साधारण ९८ ऑक्टेनच्या (अवेळी पेट न घेण्याच्या क्षमतेचा आकडा) पेट्रोलवरचे असतात. टाकीच्या झाकणाआड लिहिलेलं ऑक्टेन पाहा, तेवढं दोन्ही गाड्यांत भरा, आणि चाचणीआधी थोडं अंतर चालवा म्हणजे नॉक सेन्सरचं (इंजिनातला अवेळी पेट ओळखणाऱ्या सेन्सरचं) जुळवून घेणं पूर्ण होतं.

आकडा जुळत नसेल, तर बिघाड कुठे?

तीन नोंदी एकत्र वाचा: पहिल्या १८ मीटरची वेळ, ८० ते १२० ची वेळ, आणि ४०२ मीटरच्या शेवटचा वेग.

१८ मीटरला वेळ जास्त पण ८० ते १२० बरोबर: इंजिन ठणठणीत आहे. थंड असताना टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे आहे का, टायर किती जुने आहेत आणि ट्रॅक्शन कंट्रोल मध्ये पडतंय का, ते तपासा.

१८ मीटर ठीक पण ८० ते १२० मंद आणि शेवटचा वेगही कमी: ताकद हरवली आहे. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावून इनटेकचं (आत जाणाऱ्या हवेचं) तापमान, बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नोंदवा. तापमान बाहेरच्यापेक्षा खूप वर असेल तर इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) तापला आहे. गाडी न थांबवता ७०-८० च्या वेगाने थोडी चालवा, मग पुन्हा धाव घ्या. बूस्ट मागणीपेक्षा कमी असेल तर चार्ज पाइपचे (टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीचे) क्लॅम्प आणि सांधे पाहा, एअर फिल्टर पाहा. बूस्ट बरोबर आणि टायमिंग मागे ओढलेलं असेल, तर पेट्रोल किंवा स्पार्क प्लगकडे वळा. व्ही-८ चे आठही प्लग एकाच वेळी बदला.

पहिली धाव चांगली आणि तिसरी मंद: बहुधा उष्णता, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात. अशा वेळी दोन्ही गाड्यांची पहिलीच धाव एकमेकींशी लावा, एकीची पहिली आणि दुसरीची चौथी नाही. डिकीतलं सामान आणि पेट्रोलची पातळीही सारखी ठेवा. ६० लिटर पेट्रोलचंच वजन ४५ किलोच्या घरात जातं.