लहान मुलांना हवामान शिकवताना या चुका टाळा

एप्रिलमधली दुपार. सकाळपासून कडक ऊन होतं, तीनच्या सुमारास आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. बालवाडीतली चार वर्षांची एक मुलगी खिडकीला लटकून ओरडली, "बाई, पावसाळा आला!" भिंतीवरच्या तक्त्यात छत्री म्हणजे पावसाळा, सूर्य म्हणजे उन्हाळा आणि स्वेटर म्हणजे हिवाळा. मीच तसं शिकवलं होतं. तिने शिकवलेलंच सांगितलं.

तेव्हापासून मी आजची हवा आधी शिकवते आणि ऋतू नंतर. ज्या वयात ‘परवा’ नीट कळत नाही, त्या वयात चार महिन्यांचा हिशोब कसा कळेल? अंगाला आत्ता काय लागतंय, एवढं मात्र पक्कं कळतं. बेळगावात एका दिवसात ऊन, वारं आणि वळीव तिन्ही येतात, म्हणून तक्ता सकाळी एकदाच भरून मोकळं होऊ नका. शाळा सुटताना पुन्हा भरा. चित्र बदललं की ‘हवा बदलते’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपलेच शब्द मुलांना अडवतात

"आज हवा कशी आहे?" असं विचारल्यावर एका मुलाने मला फुंकर मारून दाखवली. त्याचं काय चुकलं? फुग्यात भरतो तीही हवाच. त्यापेक्षा सुटे प्रश्न विचारा: आभाळ कसं दिसतंय? वारं सुटलंय का? अंगाला गार लागतंय की गरम?

‘गार’चीही तीच अडचण. वारा गार, पाणी गार आणि आभाळातून पडते तीही गार. बाजारातल्या तक्त्यांवर बर्फाचा माणूस असतो. तो आपल्या मुलांनी कधी पाहिलेला नाही. वळवात गारा पडतात, त्या मात्र पाहिलेल्या असतात. पाऊस पूर्ण थांबल्यावर चार गारा ताटलीत घ्या आणि मुलांच्या तळहातावर ठेवा. एखादी मोठी सापडली तर सुरीने मधोमध चिरून दाखवा, कधी कधी आत कांद्यासारखे थर दिसतात. ढगातला जोराचा वारा गारेला वर ठेवतो, तेव्हा तिच्यावर बर्फाचे थर चढत जातात.

आपल्या सीमाभागात आणखी एक गंमत होते. गल्लीतली कन्नड मुलं ‘मळे बंतु’ म्हणत धावत येतात आणि मराठी घरातलं पोर शेतातले मळे शोधत बसतं. इथे "आपलं मराठीतच बोल" म्हणून दटावणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. एकाच चित्राखाली दोन्ही शब्द म्हणून घ्या: पाऊस म्हणजे मळे, वारा म्हणजे गाळी, थंडी म्हणजे चळी. पुढे मुलांना दोन्ही भाषांत वावरायचंच आहे.

गडगडाटाची भीती घालू नका

"देव रागावलाय, गप्प बस" हे अजून घराघरांत ऐकू येतं. आभाळात म्हातारी हरभरे भरडते, ही गोष्ट मी आवडीने सांगते. तिने कुणी घाबरत नाही. पण ‘ढगांची टक्कर होते म्हणून आवाज येतो’ हे खरं म्हणून सांगू नका. वीज चमकते तेव्हा तिच्या वाटेतली हवा एका क्षणात प्रचंड तापून फुगते, तोच तो आवाज. लहानांना एवढंच पुरे: उजेड लगेच पोचतो, आवाज मागून येतो. घरात बसून वीज दिसल्यापासून आकडे मोजा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीन मोजले की एक किलोमीटर. मोजायला लागलेलं मूल रडत नाही, हे मी कितीदा तरी पाहिलंय. तीस मोजायच्या आत गडगडलं तर अंगणातला खेळ बंद. झाडाखाली तर उभं राहायचंच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच.

पाऊस मोजायची बाटली चुकते कुठे

प्लास्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक करतात, पण आकडा येतो भलताच. बहुतेक वेळा बाटली पागोळ्यांखाली किंवा झाडाजवळ ठेवलेली असते. ती उघड्यावर हवी. दुसरी चूक तळाची: बाटलीचा तळ सपाट नसतो. त्यात आधी खडे टाका, सरळ भाग लागेपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची रेघ मारा. मधे फुगीर किंवा बारीक असलेली बाटली घेऊच नका. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. दहा फूट लांब-रुंद गच्चीवर दहा मिलिमीटर पडला तर नव्वद लिटरच्या वर झालं. मुलांना ते घागरींत सांगा.

पावसाला ‘वाईट हवा’ म्हणायची सवयही सोडा. येळ्ळूरच्या शिवारात भाताची लावणी याच पावसावर होते, आणि ते मूल संध्याकाळी त्याच घरी जाणार असतं.

‘जूनमध्ये सगळीकडे पाऊस पडतो’ हे वाक्यही अर्धवट. एकाच जिल्ह्यात, मलप्रभेच्या उगमापाशी कणकुंबीला धो धो पाऊस असतो आणि तिकडे अथणीत माणसं आभाळाकडे बघत बसलेली असतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढताना गार होऊन रिकामे होतात आणि पूर्वेला थोडंच उरतं. मोठ्या गटातल्या मुलांना फोन लावायला सांगा. आमच्यातल्या एकाने अथणीच्या आत्याला विचारलं, "आत्या, तिकडं पाऊस पडायलाय काय?" ती म्हणाली, "नाही रे बाळा, नुसतं वारं." नकाशा न दाखवता तो धडा झाला.

राहिली मोबाईलची चूक. तक्ता भरायच्या वेळी बाई फोन बघतात आणि मुलं बाईंकडे. फोन पिशवीत ठेवा आणि मुलांना दारात न्या. जुलैत आम्ही रोज राजहंसगडाच्या दिशेला बघतो. ढग खाली उतरले की गड दिसत नाही; जमिनीला टेकलेला ढग म्हणजेच धुकं, हे तिथेच कळतं. परवा सगळ्यात लहान मुलीने बराच वेळ बघून सांगितलं, "बाई, आज गड घरी नाही." त्या दिवशीच्या चौकोनात तिने पांढरा खडू आडवा धरून घासला.