पिक्सेल आर्टमध्ये कॅरेक्टर सुधारायचंय? आधी झूम कमी करा

बहुतेक जणांचं सुरुवातीला असं होतं. १२८ बाय १२८ पिक्सेलचा (म्हणजे छोट्या चौकोनी ठिपक्यांचा) कॅनव्हास उघडायचा, ८०० टक्के झूम करायचं, तासभर डोळा आणि केस रंगवत बसायचं आणि मग गेममध्ये टाकलं की कॅरेक्टर नुसता एक गोळा दिसतो. मीही जवळपास वर्षभर हेच केलं. चित्रकला कच्ची आहे असं वाटायचं, पण चूक वेगळीच होती. प्लेअरला जे कधीच दिसणार नाही त्यावर मी मेहनत घेत होतो. माझी आजी मॅटीच्या कापडावर भरतकाम करायची, मोर, तुळशीवृंदावन वगैरे, आणि दर चार-पाच ओळी झाल्या की कापड हात लांब करून धरायची आणि बघायची. पिक्सेल आर्ट शिकताना मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

तर पहिलं काम, गेमचं रिझोल्यूशन (म्हणजे स्क्रीन किती पिक्सेल रुंद, किती उंच) ठरवा आणि मगच कॅरेक्टरची साइज. सेलेस्ट हा २०१८ चा गेम ३२० बाय १८० मध्ये काढलाय, ते सहापट केलं की बरोबर १९२० बाय १०८० होतं आणि चौपट केलं की १२८० बाय ७२०, म्हणजे कुठलाच पिक्सेल अर्धवट ताणला जात नाही. नवीन असाल तर हेच रिझोल्यूशन घ्या आणि कॅरेक्टर १६ ते ३२ पिक्सेल उंच ठेवा. १६ बाय १६ म्हणजे फक्त २५६ घरं, एका संध्याकाळी तीनदा पुसून परत काढता येतं, आणि सुधारणा होते ती या पुन्हा काढण्यातूनच. मोठ्या कॅनव्हासवर एक चित्र पूर्ण करायला आठवडा जातो आणि चूक कळली तरी पुसवत नाही.

कमी जागेत काय होऊ शकतं ते बघायचं असेल तर मारिओ नीट बघा. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये गेम डिझायनर शिगेरू मियामोतोंनी त्याला टोपी दिली कारण इतक्या कमी पिक्सेलमध्ये केस काढणं अवघड होतं, मिशी दिली म्हणजे नाक उठून दिसेल आणि तोंड काढायला नको, आणि डांगरी दिली म्हणजे हात अंगापासून वेगळा दिसेल. पुढे १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये निन्टेंडोच्या मशीनवर एका स्प्राइटला (गेममधल्या कॅरेक्टरच्या छोट्या चित्राला) तीनच रंग मिळायचे, चौथा पारदर्शक. म्हणून छोट्या मारिओचे केस, मिशी, डोळा, शर्ट आणि बूट सगळं एकाच तपकिरी रंगात आहे, तरी आपल्याला प्रत्येक गोष्ट वेगळी कळते, कारण कुठला रंग कशाच्या शेजारी येतो याचा विचार केलाय. हा स्प्राइट मोठा करून एकदा घराघराने मोजा, खूप शिकायला मिळतं.

आता प्रत्यक्ष काढूया. मी उदाहरणाला वासुदेव घेतो, कारण त्याची आकृतीच इतकी ठळक आहे: मोरपिसांची उंच टोपी, घोळदार पांढरा झगा, कमरेला शेला, हातात चिपळ्या. कॅनव्हास १६ रुंद, २४ उंच. वाटणी अशी केली: टोपी ८ ओळी, चेहरा ५, झगा ९, पाय २. टोपी सोडली तर अंग साधारण तीन डोक्यांएवढं होतं. खरा माणूस सात-साडेसात डोक्यांचा असतो पण तो हिशोब इथे लावला तर चेहऱ्याला दोनच ओळी उरतात आणि भाव दाखवायला जागाच राहत नाही, त्यामुळे डोकं मोठं ठेवायला बिलकुल घाबरू नका.

आधी फक्त एका गडद रंगात भरीव आकृती काढायची. डोळे नाहीत, शेडिंग नाही, आउटलाइन पण नाही. यालाच सिलुएट म्हणतात आणि निम्मं काम इथेच होतं. माझी पहिली आकृती मी भाच्याला दाखवली तर तो म्हणाला मक्याचं कणीस. बघितलं तर खरंच तसं होतं, टोपी आणि झगा एकाच रुंदीचे होते आणि हात अंगाला चिकटलेले. मग झग्याचा घेर खाली दोन्ही बाजूंनी २-२ पिक्सेल वाढवला, मान एक पिक्सेल आत घेतली, चिपळ्यांचा हात वर उचलला आणि हात आणि अंग यात एका पिक्सेलची फट सोडली. एवढ्यावर तो माणूस झाला, तेही एकही रंग न भरता. तुम्ही पण कुणालातरी तीन सेकंद दाखवा आणि विचारा काय दिसतंय, आणि उत्तर चुकलं तर समजावून सांगत बसू नका, आकृती बदला.

चेहऱ्यावर जास्त बोलत नाही. डोळा १ पिक्सेल रुंद, २ उंच, दोन डोळ्यांत २ पिक्सेल अंतर. तोंड काढूच नका. भुवई हवीच असेल तर त्वचेच्या गडद शेडचा एक पिक्सेल पुरतो, काळा टाकला तर लगेच रागावलेला दिसतो.

रेषांवर मात्र वेळ द्या. वाकडी रेषा पायऱ्यांची बनलेली असते आणि पायऱ्यांची लांबी क्रमाने कमी किंवा जास्त व्हायला लागते. झग्याची कड ५-३-२-१ अशी गेली तर ती गोल वळते, तीच ५-२-३-१ झाली की मध्येच टेंगूळ दिसतं, आणि हे झूम करून कळत नाही, मूळ साइजला लगेच खटकतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कोपऱ्यावर जास्तीचा पिक्सेल राहतो, एल आकाराचा, त्याने रेषा जाड होते. एसप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रशला पिक्सेल परफेक्ट असा ऑप्शन आहे तो चालू ठेवला तर हे बरंच टळतं. (एसप्राइट विकत घ्यावं लागतं, पण त्याचा सोर्स कोड उपलब्ध आहे आणि स्वतःपुरतं कंपाइल करून वापरता येतं. नाहीतर लिब्रेस्प्राइट फुकट आहे, आणि पिस्केल तर थेट ब्राउझरमध्ये चालतं. टूलने फार फरक पडत नाही.)

आणि हो, एसप्राइटमध्ये एफ ७ दाबलं की प्रिव्ह्यूची छोटी खिडकी उघडते, ती मूळ साइजला ठेवून कोपऱ्यात कायम उघडी राहू द्या. नजर सारखी तिकडे गेली पाहिजे, आजीच्या लांब धरलेल्या कापडासारखी.

रंग. पूर्ण कॅरेक्टरला ६ ते ८ रंग भरपूर झाले. लोस्पेक नावाच्या साइटवर तयार पॅलेट (रंगांचे संच) मिळतात, पिको ८ या छोटे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचं १६ रंगांचं पॅलेट सुरुवातीला मस्त आहे, स्वतःचे रंग बनवायची घाई करू नका. सावली बनवताना मूळ रंगात काळा मिसळला की सगळं मळकट होतं. त्यापेक्षा सावलीकडे जाताना रंग निळा-जांभळ्याकडे सरकवा आणि उजेडाकडे पिवळ्याकडे. वासुदेवाचा झगा पांढरा आहे म्हणून मी आधी करडी सावली दिली होती, तर तो सिमेंटचा वाटायला लागला. मग उजेडाची बाजू किंचित साईसारखी आणि सावली फिकट जांभळी केली आणि तो सुती कापडासारखा दिसायला लागला. टोपीतला जो गडद निळा आहे तोच झग्याच्या बाहेरच्या रेषेला वापरला, म्हणजे एक रंग वाचला आणि चित्र एकत्र बांधलं गेलं. उजेड कुठून येतोय ते आधी ठरवा, डावीकडून वरून म्हटलं तर शेवटपर्यंत तिथूनच. कडेने सगळीकडे गडद आणि मध्ये फिका असं केलं तर कॅरेक्टर उशीसारखा फुगलेला दिसतो, याला पिलो शेडिंगच म्हणतात. शेवटी एकदा चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, चेहरा आणि टोपी तिथे एकमेकांत मिसळत असतील तर रंग कितीही छान असले तरी बदलावे लागतील.

अ‍ॅनिमेशनला घाबरून लोक थांबतात. चालण्याला चार फ्रेम (एकामागोमाग दिसणारी चित्रं) पुरतात: उजवा पाय पुढे, पाय जवळ, डावा पाय पुढे, परत पाय जवळ. पाय जवळ येतात त्या फ्रेमला पूर्ण अंग १ पिक्सेल वर घ्या, एवढ्याने वजन येतं. एका फ्रेमला १०० ते १५० मिलिसेकंद ठेवून बघा. वासुदेवाला झगा आहे त्यामुळे पाय जवळपास झाकलेलेच असतात आणि खरी चाल झग्याच्या घेरातून दिसते, अंग पुढे गेलं की घेर एक फ्रेम उशिरा मागून येतो. टोपीच्या टोकाचं पण तसंच. अंग वर गेलं त्या फ्रेमला टोकाचे दोन पिक्सेल जागेवरच ठेवले आणि पुढच्या फ्रेमला वर घेतले, तर पिसं लवतायत असं वाटलं. मी हे पहिल्यांदा प्ले करून बघितलं तेव्हा कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. उभं असताना श्वास दाखवायचा असेल तर फक्त छाती आणि डोकं १ पिक्सेल खाली, पाय हलवायचे नाहीत, नाहीतर तो जमिनीवर उड्या मारतोय असं दिसतं.

सरावाचं म्हणाल तर रोज नवीन कॅरेक्टर काढण्यापेक्षा एकच कॅरेक्टर ८, १६ आणि ३२ पिक्सेलमध्ये काढा, मग तोच फक्त तीन रंगांत. ८ मध्ये काढताना काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे ठरवावंच लागतं, माझ्या वासुदेवाची ८ मध्ये फक्त टोपी, चेहऱ्याचे दोन पिक्सेल आणि झगा एवढंच उरलं आणि तरी ओळखू येत होता. जुन्या गेमचे स्प्राइट शेजारी ठेवून नजरेने उतरवून काढणं पण उत्तम, ट्रेस नको, आणि ते स्वतःचं म्हणून टाकायचं नाही. प्रत्येक वेळी फाइल वेगळी सेव्ह करा, जुनीवरच काढत राहिलात तर काय बदललं ते कळणार नाही.

गेममध्ये टाकताना एवढं बघा. पीएनजी एक्सपोर्ट करा, जेपीजीने रंग खराब होतात. मोठं करायचं तर २००, ३००, ४०० टक्के असं पूर्ण पटीत, १५० नाही. गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग अशी ठेवा: युनिटीमध्ये फिल्टर मोड पॉइंट आणि कॉम्प्रेशन नन, गोडोमध्ये टेक्स्चर फिल्टर निअरेस्ट. नाहीतर सगळं धूसर दिसतं आणि आपण उगाच परत चित्र दुरुस्त करत बसतो. आणि एका स्क्रीनवर सगळ्यांचा पिक्सेल सारख्याच मापाचा ठेवा, कॅरेक्टर दुप्पट मोठा केलाय आणि मागचं झाड मूळ साइजला आहे असं झालं तर दोघं वेगवेगळ्या गेममधून आल्यासारखे दिसतात.