कोकरांची वाढ: आधी कुरण बघा, मग खुराकाचं पोतं उघडा

कोकरू अंग धरत नाही असं दिसलं की हात पहिल्यांदा पेंडेच्या पोत्याकडे जातो. खरं तर आधी गवतात जाऊन बघायला हवं. कोकराच्या पोटात जाणारा बराचसा चारा कुरणातून येतो आणि त्याला पोखरणारे जंतही तिथूनच येतात. कुरणात नेमकं काय कमी पडतंय ते कळलं, की खुराक किती आणि कसला द्यायचा ते ठरवणं सोपं होतं. ते न कळता दिलेला खुराक बऱ्याचदा वाया जातो, कधी कधी तर कोकराच्या जिवावर बेततो.

पुढचा क्रम कोकराच्या वयाप्रमाणे लावला आहे. सुरुवात मात्र ते जन्मायच्या आधीपासून.

व्यायच्या आधीचा दीड महिना

मेंढी साधारण १४७ ते १५० दिवस गाभण राहते. पोटातल्या कोकराची सुमारे तीन चतुर्थांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमकी याच वेळी पोटात जागा कमी उरते आणि मेंढीला एका दमात फार चारा खाता येत नाही. तेव्हा नुसता ढीगभर चारा टाकून भागत नाही, तो कसदार लागतो. पानेदार गवताचा एक तुकडा या मेंढ्यांसाठी आधीपासून राखून ठेवा आणि जोडीला थोडा प्रथिनयुक्त खुराक सुरू करा. लोकर दाट असली की नजर फसते, म्हणून कमरेवर हात ठेवून कणा चाचपा. हाडांची टोकं हाताला लागावीत, पण टोचू नयेत. १ ते ५ गुणांच्या मोजपट्टीवर ही स्थिती साधारण ३ गुणांची.

या खुराकाचा आणखी एक फायदा आहे, आणि तो सहसा कोणी मोजत नाही. व्यायच्या सुमारास मेंढीची जंतांशी झुंजण्याची ताकद उतरते आणि तिच्या लेंड्यांतून जंतांची अंडी जास्त पडू लागतात. म्हणजे कोकरू पहिल्यांदा गवताला तोंड लावतं तेव्हा आईनेच ते गवत दूषित करून ठेवलेलं असतं. मेंढीला या काळात पुरेशी प्रथिनं मिळाली तर ही अंडी कमी होतात. आईच्या पुढ्यातली पेंड अशी कोकराच्या कामी येते.

आंत्रविषार म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने अचानक जीव घेणारा रोग. त्याच्या लसीचा वार्षिक डोस व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी दिला, की चिकातून कोकराला पहिलं संरक्षण मिळतं.

पहिला दिवस: चीक

पहिल्या दोन तासांत कोकराच्या वजनाच्या किलोमागे ५० मिली चीक पोटात जायला हवा आणि २४ तासांत एकूण किलोमागे २०० मिली. चार किलोच्या कोकराला म्हणजे आधी २०० मिली आणि दिवसभरात मिळून ८०० मिली. एका दिवसानंतर कोकराच्या आतड्याला चिकातली प्रतिपिंडं शोषता येत नाहीत, मग कितीही पाजा. जुळ्यांतलं धाकटं कोकरू हमखास मागे राहतं. त्याचं पोट हाताने चाचपून बघा.

दुसऱ्या आठवड्यापासून: कोकरांची वेगळी गव्हाण

मेंढीचं दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं, त्यानंतर उतरत जातं. कोकराची भूक मात्र वाढतच असते. ही फट भरायला त्याचं पोट आधी तयार असावं लागतं. जन्मलेल्या कोकराचं मोठं पोट, ज्यात चारा आंबतो, ते अगदी लहान आणि आतून गुळगुळीत असतं. दाणा आंबला की त्यातून निघणाऱ्या आम्लांमुळे पोटाच्या आतल्या बाजूला बारीक केसाळ उंचवटे फुटतात, अन्न शोषलं जातं ते त्यांतून. काडीकाडीने खाल्लेल्या वाळल्या गवतामुळे त्याच पोटाचे स्नायू बळकट होतात. म्हणून दाणा आणि गवत दोन्ही हवं.

दहा ते पंधरा दिवसांच्या वयापासून कोकरांसाठी कोपऱ्यात एक कुंपण करा. त्यातली फट १५ ते २० सेंमी रुंद ठेवा, म्हणजे कोकरू आत जाईल आणि मेंढी बाहेर राहील. जागा कोरडी, उजेडाची आणि मेंढ्या बसतात तिथून जवळ असावी, नाहीतर कोकरं आईला सोडून तिकडे फिरकत नाहीत. पहिले काही दिवस मूठ-दोन मूठच पडेल आणि त्यातलं निम्मं वायाही जाईल. हरकत नाही. उरलेलं रोज काढून मेंढ्यांना द्या आणि ताजं टाका. थुंकी लागलेला शिळा भरडा कोकरू हुंगून सोडतं.

शंभर किलो मिश्रणासाठी एक साधा हिशेब: मक्याचा भरडा ५८ किलो, सोयाबीनची पेंड २४, गव्हाचा कोंडा १४, चुनखडीची भुकटी २, मेंढ्यांसाठीचं खनिज मिश्रण १ आणि मीठ १. यात सुमारे १८ टक्के प्रथिनं बसतात. चुनखडी गाळू नका. दाणा आणि कोंडा या दोन्हींत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं असतं. हे प्रमाण बिघडलं की नर कोकरांना मुतखडा होतो. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. भुकटी मात्र पशुखाद्यासाठीचीच घ्या, भाजलेला चुना चालत नाही.

खनिज मिश्रणाच्या पाकिटावर तांबं किती आहे तेही वाचा. गाईगुरांना, शेळ्यांना किंवा डुकरांना चालणारं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि काही महिन्यांनी एकदम विषबाधा होते. ‘सगळ्या जनावरांसाठी’ असं लिहिलेलं पाकीट मेंढ्यांच्या गोठ्यात नसलेलं बरं.

चराई: गवताची उंची मोजा

आता मुख्य काम. यासाठी लागणारं साधन म्हणजे खुणा केलेली एक काठी.

बुटक्या, पसरणाऱ्या गवताच्या कुरणात ८ ते १० सेंमी उंची आली की कळप आत सोडायचा आणि ४ ते ५ सेंमीला बाहेर काढायचा. ठोंबाने उंच वाढणाऱ्या गवतात २५ ते ३० सेंमीला आत आणि १० ते १५ सेंमीला बाहेर. याच्याखाली खाऊ दिलं तर दोन नुकसानं होतात. गवताचा साठा बुडाशी असतो, तो गेला की नवा फुटवा उशिरा येतो. दुसरं म्हणजे जंतांच्या अळ्या बहुतेक जमिनीपासून ५ सेंमीच्या आत असतात. दवाच्या किंवा पावसाच्या ओलाव्यावरून त्या पात्यावर चढतात, पण फार वर जात नाहीत. म्हणजे खरवडलेल्या कुरणात कोकराला एकाच घासात अन्न कमी आणि अळ्या जास्त मिळतात. तेच कोकरू वरच्या पानांवर चरलं तर दोन्ही बाजूंनी फायदा. अरुंद तोंड आणि फटीचा वरचा ओठ यांमुळे कोकराला कोवळं पान निवडून खाता येतं. फक्त निवडायला पान शिल्लक ठेवायला हवं.

कुरणाचे तुकडे पाडा, सहा-आठ असले तरी काम सुरू होतं. दमट आणि उबदार हवेत ताज्या लेंडीतल्या अंड्यांपासून संसर्ग करणाऱ्या अळ्या तयार व्हायला साधारण पाच ते सात दिवस पुरतात. तेव्हा अशा दिवसांत एका तुकड्यात कळप तीन-चार दिवसांहून जास्त ठेवू नका. थंड किंवा कोरड्या हवेत थोडी सूट घेता येते.

परत कधी यायचं, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. गवत चांगल्या हंगामात तीन-चार आठवड्यांत पुन्हा तयार होतं. अळ्यांचं गणित वेगळं चालतं. कडक ऊन आणि कोरडी हवा असली तर त्या काही आठवड्यांत मरतात, थंड आणि ओलसर हवेत काही महिने तग धरतात. गवत हिरवंगार दिसतंय म्हणजे ते स्वच्छ आहे असं नाही. आवर्तनाने, म्हणजे एकेक तुकडा पाळीपाळीने, चारलं की जंत संपले, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही. आवर्तनाने गवत नक्की सुधारतं, जंत हवेच्या कलाने कमी होतात.

दूध तोडलेल्या कोकरांसाठी म्हणून खात्रीची जागा राखून ठेवा. चारा कापून नेलेला तुकडा, मोठी गाईगुरं चरून गेलेलं कुरण किंवा पीक निघालेलं शेत चालेल. गाईंचे आणि मेंढ्यांचे बहुतेक जंत वेगळे असतात, त्यामुळे गाई चरताना मेंढीच्या अळ्या गिळून संपवतात. शेळ्यांचा तसा उपयोग नाही, त्यांचे आणि मेंढ्यांचे जंत तेच. पीक निघालेल्या शेतात कळप सोडण्याआधी सांडलेला दाणा किती आहे ते चालत जाऊन बघा, कारण एकदम खूप दाणा खाल्ला तर कोकराच्या पोटात आम्ल साचतं.

आणखी एक युक्ती फार थोडे लोक वापरतात. पुढच्या ताज्या तुकड्याच्या कुंपणात कोकरू जाईल एवढी फट ठेवा. कोकरं पुढे जाऊन शेंडे खातात, आया मागच्या तुकड्यात उरलेलं साफ करतात, आणि भूक लागली की कोकरं दूध प्यायला परत येतात. खर्च फक्त फटीचा.

खुराक किती, ते गवत सांगेल

वाढत्या कोकराला रोज वजनाच्या साधारण ४ टक्के सुका चारा लागतो. २० किलोच्या कोकराला सुमारे ८०० ग्रॅम. हिरव्या गवतात पाचवा हिस्साच सुका भाग असतो असं धरलं, तर त्याला चार किलो गवत खावं लागेल.

पानेदार, पुरेशा उंचीचं गवत भरपूर असेल तर दुधावरच्या कोकरांना खुराकाने फारसा फरक पडत नाही. उलट दाणा खाल्लेलं कोकरू तेवढंच गवत कमी खातं. आपण फुकटचं गवत विकतच्या दाण्याने बदलतो, एवढंच. तरी द्यायचाच असेल तर सकाळी चरायला सोडण्याआधी नको, संध्याकाळी परतल्यावर द्या.

गवत कोवळं पण पाणीदार असेल, पावसाच्या पहिल्या फुटव्यासारखं, तर पोट भरतं आणि अंगाला लागत नाही. लेंड्या पातळ होतात आणि जंताचं औषध उगीच पाजलं जातं. अशा वेळी सोडण्याआधी वाळलेला चारा द्या, जोडीला थोडा भरडा. लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात उपाशी आणि ओल्या दवात सोडलं तर पोटफुगी ठरलेली.

गवत वाळून पिवळं पडलं की चित्र पालटतं. त्यातली प्रथिनं सुक्या वजनाच्या ७ टक्क्यांखाली गेली की पोटातले चारा पचवणारे सूक्ष्मजीवच उपाशी राहतात. समोर गवत असूनही जनावर कमी खातं. इथे मका ओतून उपयोग नाही, पेंड किंवा द्विदल झाडांचा पाला द्या. थोड्या प्रथिनांनी तेच वाळलं गवत जास्त खाल्लं आणि पचवलं जातं. माझ्या मते पूरक खुराकाचा पैसा सर्वांत जास्त वसूल होतो तो याच दिवसांत.

प्रकार कोणताही असो, दाणा वाढवायचा तो दोन आठवडे घेऊन, थोडा थोडा. एकदम वाढवला तर पोटात आम्ल साचतं. कोकरू दात खातं, हलायला मागत नाही, हगवण लागते. आंत्रविषारही अशाच वेळी गाठतो आणि कळपातली सर्वांत टुकटुकीत कोकरं आधी नेतो. कोकरांना स्वतःची लस दोन डोसांत लागते, तिचं वय आणि अंतर पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. गव्हाणीत सगळ्यांना एकदम तोंड घालता यावं, नाहीतर दांडगी कोकरं दुप्पट खातात आणि दुबळी रिकामी राहतात. बुरशीचा वास आलेली पेंड मेंढ्यांनाही देऊ नका.

जंत: पापणी उलटून बघा

दमट हंगामात सर्वांत घातकी हेमोंकस, मेंढीच्या पोटात राहून रक्त पिणारा जंत. याची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते आणि एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त गमवायला लावतो. हजार जंत म्हणजे ५० मिली. २० किलोच्या कोकराच्या अंगात सारं मिळून सव्वा-दीड लिटर रक्त असतं, आता हिशेब करा. जबड्याखाली सूज दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

म्हणून पावसाळी दिवसांत दर दोन आठवड्यांनी खालची पापणी उलटून आतला रंग बघा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या फामाचा तक्त्यात लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच छटा आहेत. चौथ्या-पाचव्या छटेला औषध लगेच, कोकरांना तिसऱ्या छटेलाही. हा तक्ता फक्त रक्त पिणाऱ्या जंतांसाठी आहे. पापणी लाल असून मागचा भाग सतत माखलेला असेल तर लेंड्या तपासायला पाठवा. तीन ते आठ आठवड्यांच्या कोकरांत रक्तमिश्रित हगवण कॉक्सिडिओसिसचीही, म्हणजे आतड्यातल्या एकपेशीय परजीवींच्या रोगाचीही असू शकते. ती ओल्या, लेंड्या पडलेल्या गव्हाणीभोवती पसरते आणि जंताच्या औषधाला दाद देत नाही.

सगळ्या कळपाला एका दिवशी औषध पाजून लगेच स्वच्छ कुरणात सोडू नका. औषधातून वाचलेले जंत तेवढेच तिथे पोचतात आणि पुढची पिढी औषधाला दाद देत नाही. मात्रा वजनावरून काढा आणि १० ते १४ दिवसांनी लेंड्या पुन्हा तपासा.

दूध तोडताना

साधारण ९० दिवसांचं वय चालतं, पण वयापेक्षा खाणं बघा. कोकरू नियमित दाणा आणि गवत खाऊन रवंथ करत असेल तर ते तयार आहे. आईला हलवा, कोकरू ओळखीच्या जागीच राहू द्या. खुराक आधीचाच ठेवा, त्याच आठवड्यात मिश्रण बदलणं आणि लस टोचणं टाळा.

वजनाची वही

दर पंधरा दिवसांनी, सकाळी चरायला सोडण्याआधी वजन करा. १२.० किलोचं कोकरू पंधरा दिवसांनी १४.१ किलो झालं तर वाढ दिवसाला १४० ग्रॅम. लहान चणीच्या जातीला ही चांगली, मोठ्या चणीच्या जातीला तोकडी. तुलना आपल्याच कळपाशी करा. सगळ्यांची वाढ एकदम घसरली तर कुरणात काठी घेऊन जा. दोन-चारच मागे पडली असतील तर त्यांच्या पापण्या, त्यांच्या आयांची कास आणि गव्हाणीवरची ढकलाढकल बघा. वजनाशेजारी त्या दिवशीची गवताची उंचीही लिहून ठेवा.